पाचवा चौकोन

७ फेब्रुवारी, रविवार

दूध उतू जायच्या आत मी गॅस बंद केला होता, एवढं मला नक्की आठवतं. त्याआधी केर काढला होता. नातीची आठ नंबरची जर्सी दोरीवरून काढून उलट बाजूने इस्त्री केली होती, कारण सुलट बाजूने केली की आकडा इस्त्रीला चिकटतो. लाल आणि निळं, दोन्ही पेनं जुन्या कागदावर चालवून पाहिली होती. ह्यांनी ती एकाच दोऱ्याला बांधून ठेवलेली, अजून तशीच आहेत. चष्माही पुसला होता. म्हणजे डोळे ठीक होते, हात ठीक होता. कालची सकाळ इतर कुठल्याही शनिवारसारखीच होती.

मग दुपारी मला असं का वाटलं, की माझा हात माझा नाही?

दुपारी घरात कोणी नसतं, म्हणून आत्ता लिहिते आहे. ह्यांच्या ट्रंकेत गुणपत्रकांची एक कोरी वही सापडली, तिच्या पाठकोऱ्या पानांवर. हे जाऊन तीन वर्षं होतील. पाट्या रंगवायचा त्यांचा धंदा. लग्नानंतर ते अक्षरांच्या कडा आखून द्यायचे आणि मी आतला रंग भरायचे. अशीच अक्षरं शिकले मी, पोटातून. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण 'येथे थुंकू नये'पासून सुरुवात करून पुढे हाताला लागेल ते वाचत गेले. आणि दर शनिवारी हे मुलींच्या बास्केटबॉलच्या सामन्यांना टेबलावर बसून गुण लिहायचे. शेवटच्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. ते सांगायचे आणि मी लिहायचे. ते गेले आणि मी लिहीतच राहिले. आता सगळ्या पोरी मला आजी म्हणतात.

काल अंतिम सामना होता. शेवटची दोन मिनिटं उरली होती, आपल्या पोरी एका गुणाने मागे. बास्केटखाली आपल्या दोघी आणि त्यांची एक, अशा तिघी एकमेकींवर पडल्या. शिट्टी वाजली. आपल्याकडे रीत अशी, की जिच्या हातून फाउल झाला तिने आपणहून हात वर करायचा. दुसरीकडे आता कोणी करत नाही. ह्यांनी हॉलच्या दाराशी नियमांची पाटी रंगवली, तिच्यातली ती शेवटची ओळ आहे. पंच बोटांनी नंबर दाखवतात, पोरगी हात वर करते, दोन्ही जुळलं की मी लिहिते.

काल मी पाहिलं तेव्हा सहा नंबरचा हात वर होता. मी तिच्यापुढे लिहिलं. पंचांनी सहाच दाखवले असतील. गोंगाट फार होता. माझ्या मागच्या बाकावर माझा मुलगा बसला होता, तो कुणावर तरी ओरडला, "हात खाली!" कुणावर ते कळलं नाही.

सहा नंबरचे चार झाले होते, हा पाचवा. पाच चौकोन भरले की पोरगी बाहेर. मी पाचचा फलक उचलला. पंच पोरगेलासा आहे, एरवी औषधांच्या दुकानात काम करतो. त्याने टेबलाकडे बघून मान हलवली. आमच्या सरांनी बदली खेळाडू इतक्या झटकन आत पाठवली की मला नवल वाटलं. एरवी ते दहा वेळा विचार करतात.

सहा नंबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने केसांचं रबर हातात धरलं होतं. म्हणाली, "आजी, मी नव्हते. मी केस बांधत होते."

मी म्हटलं, "बाळा, लिहून झालं."

मग तिने पाण्याच्या बाटल्यांना लाथ घातली आणि पंचाला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

आपण एका गुणाने जिंकलो. शेवटचं बास्केट आपल्या खारीचं. नातीला मी खार म्हणते, लहानपणी खिडकीच्या गजांवर चढायची म्हणून. तिचेही चार फाउल झाले होते. बरं झालं, पाचवा झाला नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

मुलगा खूश आहे. सकाळी चहा पिताना गुणगुणत होता. खारीला मोठ्या शिबिरासाठी निवडलं, सरांचा निरोप आला. तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना? आता रोज पाचला उठायचं." खार बरं म्हणाली आणि मोरीत जाऊन ओकून आली. तिचं पोट सामन्याच्या आदल्या दिवसापासून दुखतं, नंतर थांबतं. या वेळी थांबलं नाही. दूधवाला बदलायला हवा, दुधातच काहीतरी आहे.

तो म्हणाला, "जिंकलेली माणसं असं तोंड करून बसत नाहीत." त्याच्या मनात वाईट नसतं. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच बोलतो.

संध्याकाळी घड्याळवाले आले. टेबलावर माझ्या शेजारी बसून वेळ ते बघतात. दुकान बंद केलं तरी नाव घड्याळवालेच राहिलं. नेहमीसारखे म्हणाले, "काय वहिनी, मी काटे थांबवतो आणि तुम्ही माणसं बाहेर काढता." मला हसू आलं नाही. मग त्यांनी सांगितलं, की सहा नंबरचं प्रकरण स्पर्धेच्या समितीपुढे जातंय, येत्या रविवारी. उद्धट बोलणं, बाटल्यांना लाथ, शिवाय फाउल मान्य न करणं. वर्षभर खेळता येणार नाही म्हणतात. "तुमची गुणांची शीट घेऊन या. तीच पुरावा."

ते गेल्यावर मी शीट ट्रंकेतून काढली. पाचव्या चौकोनातलं अक्षर निळ्या पेनाचं, जरा वाकडं आहे. पुन्हा ठेवून दिली. ट्रंकेला कुलूप लावलं. या घरात कोणी चोरी करत नाही, तरी लावलं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सहा नंबरच्या आईकडे गेले. तिचं शिवणाचं दुकान आहे, सगळ्या संघांच्या जर्सींवर आकडे तीच शिवते. माझ्या चादरीला टीप मारायची होती. तशी ती घरीही हाताने मारता आली असती.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आजी, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हो पोरीने. तुमच्यासमोर असं वागली."

मी म्हटलं, "लहान आहे."

"लहान कसली? चौदा पूर्ण. घरी येऊन पुन्हा तेच, मी नव्हते, मी नव्हते. मी म्हटलं, गप बस, आजोबांच्या काळापासून त्या टेबलावर एक रेघ चुकलेली नाही. आजींच्या हातून खोटं लिहिलं जात नाही. म्हणजे खोटं तू बोलतेस." तिने दाताने दोरा तोडला. "दोन ठेवून दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला मी तिच्यावर."

मशीन थांबलं होतं. आतल्या खोलीच्या पडद्याखाली मला दोन पाय दिसत होते, पांढऱ्या मोज्यातले. हलत नव्हते.

"चादरीचे पैसे नकोत," ती म्हणाली. "तुम्हीच माफ करा तिला."

मी चादर घेऊन बाहेर आले. रस्ता ओलांडताना मला उजवीकडे बघायचं की डावीकडे तेच सुचेना. एक सायकलवाला ओरडून गेला.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आठ. पाच आणि तीन. पंचाच्या एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताची तीन. मला दिसली होती.

११ फेब्रुवारी, दुपारी पुन्हा

वर लिहिलं ते फाडून टाकावं म्हणून वही उघडली. फाडत नाही.

चुकून झालं का, हे स्वतःला विचारते आहे. आधी बोटं पाहिली. मग खारीकडे पाहिलं. तिचा हात खांद्यापर्यंत आला होता. मागून तो आवाज आला, आणि मी खाली बघून लिहिलं, तेव्हा सहा नंबरचा हात डोक्यावर होता. हे सगळं एका श्वासात झालं. एका श्वासात माणूस खोटं ठरवून बोलू शकतं का? हे असते तर त्यांना विचारलं असतं. ते म्हणाले असते, पेन उचललं की विचार करायचा नाही, बघायचं. मी उलटं केलं.

एक जुनी गोष्ट आहे, ती कधी कुणाला सांगितली नाही. माझा मुलगा पंधरा वर्षांचा होता, तोही खेळायचा, चांगला खेळायचा. तेव्हाही अंतिम सामनाच होता, मुलांचा, आणि टेबलावर हे होते. मुलाचा पाचवा फाउल ह्यांनी लिहिला आणि फलक वर केला. मुलगा बाहेर आला, आपला संघ हरला. घरी येऊन त्याने बूट खिडकीतून फेकून दिले आणि जवळपास वर्षभर वडिलांशी बोलला नाही. त्या वर्षी जेवताना मी दोघांच्या मध्ये बसायचे. एकाने मागितलेलं पाणी दुसऱ्याच्या हातून घेऊन द्यायचे. ते वर्ष मला पुन्हा नको होतं. आता तर हेही नाहीत, आणि घर त्याचं आहे.

बस. हात का हलला, ते मला कळलं आहे. कळल्यामुळे भीती कमी होईल असं वाटलं होतं, ती वाढलीच.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

कपडे ठेवायला आत गेले तर खार आरशासमोर उभी. उजवा हात सरळ वर, बोटं जुळवलेली, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "काय गं, बास्केट टाकायचा सराव का?" तिने हात पटकन खाली घेतला. "हो," म्हणाली.

मग विचारते, "आजी, आजोबांचं कधी चुकलं होतं का? लिहिताना?"

"कशाला विचारतेस?"

"सहजच."

मी म्हटलं, "एकदा दोन गुण जास्त लिहिले होते. दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाच्या सरांकडे चालत जाऊन सांगून आले. पाऊण तास लागला जायला."

"ते ओरडले?"

"चहा दिला म्हणे."

ती नखं खात बसली. तिच्या दोन बोटांच्या नखांतून रक्त येतंय. या वयात पोरींना कॅल्शियम कमी पडतं असं वाचलं होतं कुठेतरी.

संध्याकाळी मुलगा तिला सरावाला घेऊन गेला. ह्यांच्या पाटीवर लिहिलंय, सरावाच्या वेळी पालकांनी आत येऊ नये. तो जातो. तिला शंभर फ्री थ्रो टाकायला लावतो, एक चुकला की पुन्हा एकपासून. आल्यावर तिला हात वर करून केससुद्धा विंचरता येत नव्हते. मी विंचरले. ती माझ्या गुडघ्याला टेकून बसून राहिली.

१३ फेब्रुवारी, शनिवार

उद्या अकराला समिती.

सकाळी सर येऊन गेले. खुर्चीत नीट टेकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आजी, उगाच जास्त बोलायचं नाही. शीट टेबलावर ठेवायची, विचारलं तर हो म्हणायचं. सही झालेली शीट म्हणजे दगडावरची रेघ."

मी म्हटलं, "आणि ती पोरगी?"

"दुसरी येईल. शिवाय तोंडाळच आहे ती." चपला घालताना म्हणाले, "आपल्या खारीचं शिबिर आहे, तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

शीटबद्दल बोलता बोलता शिबिर कुठून आलं? यांना माहीत आहे का? मग अजून कुणाकुणाला माहीत आहे? घड्याळवाले माझ्या इतके जवळ बसतात की त्यांचं कोपर माझ्या वहीला लागतं.

दुपारी मुलगा म्हणाला, "उद्या मी सोडतो तुला स्कूटरवर." एरवी मी चालत जाते, त्याला कधी वेळ नसतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, बाबांसारखं काही करू नकोस."

सून हातातली ताटली पुसत होती. पुसून झाली तरी पुसत राहिली.

काय होईल याची यादी करून पाहिली. शिबिर जाईल. चषक जाईल. टेबल जाईल. पुढचं लिहायला हात वळत नाही. हे घर सोडून मला दुसरं घर नाही. पोरीने मला आयुष्यभर दोष दिला तर मी काय सांगू? खरं सांगायचं तर उद्या ताप यावा असं वाटतंय. कपाळाला तीनदा हात लावून पाहिला. गार आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

निघताना सुनेने माझा चष्मा माझ्या नाकावरून काढला, पुसला आणि परत घातला.

समितीची खोली हॉलच्या मागे आहे. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, अजूनही बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटं धरतात. एका बाजूला सहा नंबर आणि तिची आई. दुसऱ्या बाजूला सर, पंच, घड्याळवाले, मी. मुलगा आणि खार मागच्या भिंतीशी. मी शीट टेबलावर ठेवली.

बाईंनी वाचून दाखवलं. मग पोरीला विचारलं, "पंचांना वाईट बोललीस?"

"हो."

"बाटल्यांना लाथ मारलीस?"

"हो. सॉरी."

"आणि पाचवा फाउल तुझा होता, हे मान्य आहे?"

पोरगी आईकडे बघत राहिली. आई खाली बघत होती. मग पोरीने शीटकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "हो. आजींनी लिहिलंय म्हणजे असेल."

मी तिच्याकडून रडण्याची, ओरडण्याची तयारी ठेवून गेले होते. तसं झालं असतं तर मी गप्प बसू शकले असते, हे मला ठाऊक आहे. पण ती मान्य करून मोकळी झाली. माझं खरं मानून तिने स्वतःचं खरं सोडून दिलं.

हात वर गेला. पूर्ण वर, कोपर ताठ. इतक्या वर्षांत किती पोरींचे हात पाहिले असतील, स्वतःचा कधी केला नव्हता. जड असतो.

बाई म्हणाल्या, "बोला आजी."

मी म्हटलं, "तो फाउल आठ नंबरचा. पंचांनी आठच दाखवले होते. मला दिसले. मी सहा लिहिलं."

सर खोकले. बाईंनी फार मऊ आवाजात विचारलं, "चुकून झालं ना?" त्यांनी दार उघडून दिलं होतं, मला नुसतं बाहेर पडायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "घाबरून."

"कुणाला?"

ते मात्र मला बोलता आलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग दार. मी वळून पाहिलं नाही. बाई दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पंच म्हणाला, "मी टेबलाकडे बघून मान हलवली, बाई. बोटं माझी होती, मलाही कळायला हवं होतं." कान लाल झाले होते त्याचे. घड्याळवाले म्हणाले, "मलाही दिसलं होतं. मी काटे बघत होतो, असं स्वतःला सांगत बसलो." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गंमत केली नाही.

ठरलं ते असं. सहा नंबरने पंचाची माफी मागायची, ती तिने तिथेच मागितली, आणि तिचं खेळणं चालू राहणार. चषक परत. शिबिराचं नंतर कळवतील. मी यापुढे टेबलावर बसायचं नाही. पेनं परत द्यायला निघाले तर बाई म्हणाल्या, ती तुमची आहेत, राहू द्या.

पोरीच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि तसाच धरून उभी होती. त्यांच्याकडे अजून मला जायचं आहे. आज जमलं नाही.

स्कूटर गेली होती. मी आणि खार चालत आलो. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "आजी, मी हात वर करणार होते."

"खांद्यापर्यंत आला होता," मी म्हटलं. "पाहिला मी."

"मग बाबा ओरडले."

"हो."

"ते रोज ओरडतात. तू टेबलावर असतेस म्हणून तुझी पाठ असते त्यांच्याकडे."

मी पुढे चालत राहिले, कारण थांबले असते तर मला बसावं लागलं असतं. तिने माझा हात धरला. धरून ती रस्त्याच्या गाड्यांच्या बाजूने चालायला लागली, एरवी तिकडून मी चालते.

घरी मुलगा खोलीत होता, दार लावून. जेवायला आला नाही. खार दोन पेले दूध प्यायली आणि पोट दुखलं नाही. नवा दूधवाला चांगला दिसतोय.

आज सकाळी तो कामावर जाताना दारात थांबला. मला वाटलं, आता सांगेल, सामान आवर. मी ओट्याला धरून उभी राहिले. त्याने फक्त खारीला सांगितलं, "संध्याकाळी पाचला तयार राहा. तीनशे टाकायचेत आज." आणि गेला.

साडेचारला मी खारीची जर्सी उलट बाजूने इस्त्री केली. तिला घेऊन चालत हॉलवर गेले. ती आत गेली. टेबलामागची माझी खुर्ची अजून तिथेच होती, ती मी उचलून आणली आणि दारात, ह्यांच्या पाटीखाली, आडवी टाकून बसले. दार अरुंद आहे, खुर्ची असली की कुणाला आत जाता येत नाही. पाचला स्कूटर बाहेर येऊन थांबली. त्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, ऊठ," म्हणाला.

मी उठले नाही.